दोन दारांचा तंबू

तंबू घ्यायला येताना गिऱ्हाइकाने घरचा वजनकाटा सोबत आणावा, हे फरामर्ज आगांच्या चोवीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच घडत होतं. मुनीरिये चौकातलं त्यांचं गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान तळघरात होतं. महलका खानम जिना उतरून आल्या, पिशवीतून स्वयंपाकघरातला काटा काढला, काउंटरवर ठेवला आणि आकडा शून्यावर येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

"खानम, वजन पिशवीवरच लिहिलंय की," फरामर्ज आगा म्हणाले.

"लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलीत. खुंट्या धरून लिहिलंय की सोडून?"

फरामर्ज आगांनी चहा मागवला. खुंट्या सोडून लिहिलं होतं.

महलकाबरोबर तूबा होती. तूबा शाळेत शिवणकाम शिकवायची, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. दोघींची ओळख डोंगरातली. बावीस वर्षांपूर्वी गिर्यारोहण मंडळाच्या एका मोहिमेत दोन एकट्या बायका उरल्या म्हणून त्यांना एका तंबूत घातलं, आणि तेव्हापासून यादीत त्यांची नावं कुणी वेगळी लिहिलीच नाहीत. त्यांचा जुना तंबू चार किलो दोनशे ग्रॅमचा. त्याच्या आतला लेप आता कोंड्यासारखा झडत होता, आणि पाऊस आला की बाहेरच्यापेक्षा आत जास्त ओलं व्हायचं. तो टाकून नवा घ्यायचा हे ठरलं होतं. कोणता घ्यायचा यावर मात्र घोडं अडलं होतं.

महलकाचा हिशेब पक्का होता. महिन्याभरात मंडळ अलमूतच्या खोऱ्यातून खिंड ओलांडून समुद्राच्या बाजूला उतरणार होतं. चार दिवसांची वाट, सगळं सामान पाठीवर. तंबू दोघींनी वाटून घ्यायचा ही मंडळाची रीत: एकीकडे कापड, दुसरीकडे दांड्या, खुंट्या. पण तूबाचा गुडघा. नवरोजच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, सुट्टीनंतर कुलकचालच्या डोंगरावरून उतरताना तूबाला पाच तास लागले होते, आणि मंडळाचे म्होरके नुसरत आगा यांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी महलकाला फोन करून चाचपलं, "तूबा खानमचं यंदा जरा अवघड दिसतंय, नाही?" महलका फाडकन म्हणाली, "काही अवघड नाही. तिचं ओझं मी घेते."

म्हणजे तंबू सगळा महलकाच्या पाठीवर, शिवाय गॅसची शेगडी आणि भांडी. हे जमायचं तर तंबू दीड किलोच्या आत हवा होता. जमलं नाही तर तूबा घरी, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा महलकाशेजारी दुसरंच कुणी झोपणार. तूबाशी यातलं ती काहीच बोलली नव्हती. तूबा मानी बाई. "तुझं मी उचलते" म्हटलं असतं तर आठ दिवस अबोला.

काट्यावर राखाडी तंबू चढला. खुंट्या, दोऱ्या, पिशवी, सगळं धरून एक किलो तीनशे चाळीस.

"हाच," महलका म्हणाली. "तूबा, बघ. मेथीची जुडी उचलल्यासारखा आहे."

तूबा तिथे नव्हतीच. दुकानाच्या कोपऱ्यात एका हिरव्या तंबूची शिवण ती नखाने उकरून पाहत होती.

"हा बघ," ती तिथूनच म्हणाली. "दुहेरी शिवण आहे. आणि दोन दारं. या बाजूला एक, त्या बाजूला एक. दोन्हीकडे पडवी."

"दोन दारं कशाला? आपण काय भाडेकरू ठेवणारोत?"

"वजन कर ना, मग बोल."

वजन झालं. दोन किलो तीनशे दहा.

"नऊशे सत्तर ग्रॅम जास्त," महलका म्हणाली. "एक किलोच धर. एक किलो ओझं नुसत्या दाराचं!"

"रुंदही आहे तो."

"आपल्याला रुंद कशाला हवा? आपण काय आत नाचणारोत?"

फरामर्ज आगांना राहवलं नाही. "खानम, राखाडी तंबू दोन माणसांचा आहे हे खरं, पण कारखान्याने मोजलेली दोन माणसं नुकतं लग्न झालेली असतात. वर्षभराने तीच येऊन हिरवा घेऊन जातात."

तूबा हसली. महलका हसली नाही. तिला राग यायला लागला होता. ज्या बाईसाठी ती ग्रॅम ग्रॅम वाचवत होती, तीच बाई किलोकिलोने वाढवत होती. आणि हे बोलूनही दाखवता येत नव्हतं.

"किंमत सांगा दोन्हींची," ती म्हणाली.

"तुमच्यापुढे किंमत कसली, खानम! तसेच घेऊन जा," फरामर्ज आगा रिवाजाप्रमाणे म्हणाले.

"उपकार. सांगा आता."

त्यांनी सांगितली. दोन्हींत फार फरक नव्हता. नाहीतर निदान पैशाचं तरी कारण सांगता आलं असतं.

"असं करू," फरामर्ज आगा म्हणाले, "दोन्ही लावतो. झोपून बघा. इथे न झोपता तंबू घेणारे परत भांडायला येतात."

गालिच्यावर दोन्ही तंबू उभे राहिले. आधी राखाडी. दोघींनी बूट काढले आणि आत शिरल्या. खांद्याला खांदा लागला, वरचं कापड नाकापासून वीतभर अंतरावर. महलकाने डोळे मिटले. तिला इथे काही खटकलं नाही. शेजारी तूबाचा ओळखीचा, किंचित घरघरता श्वास होता. यापेक्षा जास्त जागा माणसाला कशाला लागते, हे तिला खरोखरच कळेना.

"झकास आहे," ती म्हणाली.

"चल, आता तो," तूबा म्हणाली.

बाहेर येताना तूबाला गुडघा टेकता येईना. ती आधी बसली, मग कुशीवर वळली, मग दांडीला धरायला गेली आणि हात मागे घेतला. महलकाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. फरामर्ज आगांनीही पाहिलं नाही. त्यांनी नुसतं एक स्टूल दाराशी आणून ठेवलं. तूबा त्याला धरून उठली.

हिरव्यात त्या आपापल्या दाराने शिरल्या. दोघींमध्ये हातभर जागा राहिली. तूबाने आपल्या बाजूची चेन ओढली, मग महलकापलीकडे हात लांबवून तिचीही ओढली. दुकानातला आवाज मंदावला. जिन्यावर कुणीतरी बुटांचे भाव विचारत होतं.

"आता ऐक," तूबा म्हणाली. "आणि मध्ये बोलू नकोस."

"काय झालं?"

"बोललीस. मी अलमूतला येत नाहीये. मागच्या मंगळवारी नुसरत आगांना सांगून नाव काढलं. डॉक्टर म्हणतो, चालत राहा, पण पाठीवर ओझं नको आणि उतार नको. मी म्हटलं, उतार नको तर मग डोंगरावर चढून तिथेच राहू का? तो म्हणाला, खानम, चेष्टा करू नका, हाडाला हाड घासतंय."

महलका उठून बसली. छताचं कापड डोक्याला लागलं नाही, एवढी उंची होती त्या तंबूला.

"तंबू मी घेणार होते! सगळा. शेगडीसुद्धा. म्हणून तर हलका..."

"मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? घरून काटा घेऊन आलीस. तुझं स्वतःचं ओझं तू जन्मात कधी मोजलं नाहीस." तूबा छताकडेच बघत होती. "अगं, तंबू तू घेशील, शेगडी तू घेशील. गुडघा कुठल्या पिशवीत घालणार?"

महलकाला रडू येत होतं, आणि रडू आलं की ती भांडायची, तशी ती भांडली. "मग मला इथे आणलंस कशाला? येणारच नाहीस तर दोन दारं, रुंदी, शिवण, हे सगळं कुणासाठी चाललंय तुझं सकाळपासून?"

"तुझ्यासाठी. आणि पर्तोसाठी."

"कोण पर्तो?"

"मंडळात नवीच आलीय, दातांच्या दवाखान्यात असते. उंच आहे, बत्तीस-तेहेतीसची. तिच्याकडे तंबू नाही, सोबत नाही. परवा बोलले मी तिच्याशी."

"माझं लग्नही तूच ठरवून टाक एकदाचं!"

"हळू बोल, बाहेर गिऱ्हाईक आहे. हे बघ, त्या राखाडीत तू माझ्याबरोबर झोपशील. परक्या माणसाबरोबर नाही झोपणार. तिचं कोपर लागलं की रात्रभर जागी राहशील, सकाळी नुसरत आगांवर खेकसशील. आणि तू रात्रीत दोनदा बाहेर जातेस. माझ्या पोटावर पाय देऊन गेलीस तरी मी काही म्हणत नाही. तिच्या पोटावर कशी देशील? लाजेने आत पडून राहशील, आणि खिंडीत आजारी पडशील." ती थांबली. "म्हणून दोन दारं. आपल्याला नको होती, हे खरंच आहे."

महलकाला तूबाचा संताप आला होता, नुसरत आगांचा आला होता, त्या पर्तोचा तर तोंडही न पाहता आला होता. पण हिशेब बरोबर होता. हिशेब बरोबर असला की तिला वाद घालता येत नसे. औषधाच्या दुकानाने लावलेली ही खोड होती.

"मीही नाव काढते," तिने शेवटचं म्हणून पाहिलं.

"काढ. मग जूनमध्ये दोघी मिळून बाल्कनीत बसू, आणि तू माझ्या गुडघ्याकडे अशी बघशील, जशी आत्ता त्या दोन दारांकडे बघतेयस. मला नको ते. तू जा. परत येऊन मला सांग, खिंडीत बर्फ होतं का."

महलकाने मान हलवली. मग म्हणाली, "दोन किलो तीनशे दहा. निम्मा तिने उचलायचा."

"निम्म्याहून जास्त. उंच आहे ती."

तूबा आपल्या दाराने सरकत बाहेर गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, फरामर्ज आगांचं "सांभाळून, खानम" आलं. महलका आतच राहिली. रडका चेहरा घेऊन दुकानात उभं राहायची तिची तयारी नव्हती. रुमाल तोंडावर दाबून ती पडून राहिली. कापड इतकं पातळ होतं, की पलीकडे तूबाने कुणाला फोन लावला आणि ती काय बोलली, ते शब्दन्‌शब्द आत येत होतं.

"पर्तो-जान? तंबू मिळाला. हिरवा, दोन दारांचा. हो, तयार आहे ती. चिडलीय, पण तयार आहे. आता नीट ऐक, लिहून घ्यायचं तर घे. तिला डावी बाजू दे, ती उजव्या कुशीवर झोपते. सकाळी चहा पोटात जाईपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही, तिने काही विचारलं तरी नाही. सामान भरताना ती तुझ्या पिशवीत हात घालून दोन वस्तू काढून टाकेल. टाकू दे. तिचं बरोबर असतं."

पलीकडून पर्तो काहीतरी म्हणाली असावी, कारण तूबा थोडी थांबली. मग आवाज खाली आला, पण कापडाला त्याचं काही नव्हतं.

"आणि खिंडीत रात्री वारा सुटतो. सुटला की ती हात धरेल तुझा. सांगणार नाही, विचारणार नाही, अंधारात नुसता धरेल. घाबरू नकोस, सोडवून घेऊ नकोस. झोपल्याचं सोंग करून पडून राहा. जागी आहेस हे कळलं, तर पुन्हा कधी धरायची नाही."

महलकाने रुमाल तोंडावरून काढला. बावीस वर्षं तिची अशी समजूत होती, की वारा कितीही सुटो, तूबाला गाढ झोप लागते.