संस्थापकांविषयी चार ओळी

मुख्याध्यापकांनी खिशातून फोन काढला, तशा शेवटच्या रांगेतल्या ग्रंथपालबाई खुर्चीत सावरून बसल्या.

याच माणसाने वर्षापूर्वी शाळेचं ग्रंथालय मोडीत काढलं होतं. "बाई, सगळं ज्ञान आता खिशात मावतं. ही धूळ कशाला सांभाळायची?" असं हसत म्हणत त्याने बाईंनी सव्वीस वर्षं जपलेली पुस्तकं रद्दीच्या टेम्पोत भरली आणि त्यांना घरी बसवलं. बाईंनी ते गिळलं, पण पचवलं नाही. भाचीकडून त्या फोन शिकल्या. कुणालाही भर घालता येते अशा एका माहितीच्या पानावर त्यांनी शाळेच्या संस्थापकांविषयी चार ओळी घुसडल्या. संस्थापक म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे वकील. पोटच्या पोरांनाही त्यांच्यासमोर बसायची मुभा नव्हती. बाईंनी लिहिलं, ते रोज संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून मुलांच्या सदऱ्यांची तुटलेली बटणं लावून देत.

आज संस्थापकांचा स्मृतिदिन. त्यांची ऐंशी वर्षांची लेक पहिल्या रांगेत बसली होती. तिची जीभ बापावर गेलेली. हे खोटं ऐकून ती भर सभेत मुख्याध्यापकांची सालटी काढणार, एवढंच पाहायला बाई आल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी फोनमध्ये बघून वाचलं. बटणांपाशी आवाज जरा कापरा केला. टाळ्या पडल्या. म्हातारी काठी टेकत उठली.

पण म्हातारी व्यासपीठाकडे वळलीच नाही. रांगांमधून वाट काढत ती थेट बाईंपाशी आली.

"बाबांनी मला कधी जवळ घेतलं नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि लोकांच्या मुलांची बटणं लावायचे?"

बाई उठून उभ्या राहिल्या.

"फोनवरचं काय खरं मानायचं? तुम्ही पुस्तकं वाचलीत. ग्रंथालयात त्यांचं चरित्र होतं ना, त्यात होतं का हे?"

व्यासपीठावरून मुख्याध्यापक इकडेच बघत होते. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. म्हातारीने बाईंचं मनगट धरलं होतं.

"होतं," बाई म्हणाल्या.

"कुठल्या पानावर, आठवतंय?"

"डावीकडच्या," बाई म्हणाल्या, "अगदी वर." आणि त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.