हो, येते ना

दुपारी साडेतीनला शाळेच्या दोन बस डूनकॅरा किल्ल्यासमोरून निघाल्या. इत्सियार दोन्हींत नव्हती.

हे कळलं ते बंदराच्या गावात, बस चिप्स खायला थांबल्या तेव्हा. इत्सियार सोळा वर्षांची, स्पेनहून एका सत्रासाठी कॉर्कच्या शाळेत आलेली. राहायची वर्गातल्या डर्व्हलाच्या घरी. तिची बॅग पुढच्या बसमध्ये होती, फोन बॅगेत होता. पुढच्यांना वाटलं, ती डर्व्हलाबरोबर मागे बसली असेल. मागच्या बसमध्ये टूमी सरांनी निघताना विचारलंही होतं.

"डर्व्हला, तुमची पाहुणी कुठाय?"

"पुढच्या बसमध्ये असेल, सर. सकाळी तिकडेच होती."

"असेल की आहे?"

"आहे, सर."

सरांनी ड्रायव्हरला हात केला.

डूनकॅरा खडकावर आहे. किनाऱ्यापासून तिथवर दगडांची वाट जाते आणि भरती आली की ती पाण्याखाली बुडते. बस परत आल्या तेव्हा वाट दिसत नव्हती. किल्ल्याच्या रखवालदाराने तीनला दोन हाका मारून बुरुजाचं दार लावलं होतं आणि किनाऱ्यावर येऊन तो घरी गेला होता. वारा समुद्राकडून होता, हाका खाली पोचल्या नसाव्यात, असं त्याने नंतर फोनवर सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत मुलं बुरुजाच्या पायथ्याशी गवतावर बसली होती, तेव्हाची गोष्ट. वर्गातला फियाक्रा वरचे मजले बघून आला होता.

"इथला सरदार शौचाला भिंतीतल्या भोकावर बसायचा, बरं का. खाली थेट समुद्र. थंडीत काय हाल झाले असतील त्याचे!"

"म्हणूनच वंश बुडाला," डर्व्हला म्हणाली.

इत्सियार हसली नाही. तिला मागच्या कड्याखाली पक्ष्यांची घरटी दिसली होती. "मी खाली जाऊन चित्र काढते," ती म्हणाली. "निघायची वेळ झाली की मला बोलवायला येशील?"

"हो, येते ना! धावतच येते."

सगळे हसले. कॉर्कमध्ये त्या सुरातल्या 'हो'चा अर्थ 'गेलीस उडत' असाच होतो. तो कोणी शिकवत नाही, घरात बोलता बोलता कळतो.

"थँक यू, डर्व्हला," इत्सियार म्हणाली आणि कड्याकडे गेली.

"अगं, तिला खरंच वाटलं," फियाक्रा म्हणाला.

"काहीतरीच. जानेवारीपासून आमच्या घरात राहतेय ती."

सहाच्या सुमारास किनाऱ्यावर पोलीस सार्जंट ब्रीड यांनी डर्व्हलाला जीपमध्ये बसवून विचारलं, "तुमचं शेवटचं बोलणं काय झालं?"

"तिने विचारलं, बोलवायला येशील का. मी म्हटलं, हो, येते ना."

सार्जंट कॉर्कच्याच. "साध्या सुरात, पोरी, की आपल्या सुरात?"

"आपल्या."

"आणि तिला कुठला कळला?"

"ती थँक यू म्हणाली."

टूमी सर जीपच्या दाराला धरून उभे होते. "म्हणजे पाणी चढताना दिसलं तरी ती उठली नसेल. तू येणार म्हणून बसून राहिली असेल."

"सर, पुरे," सार्जंट म्हणाल्या.

डर्व्हलाची आई असम्प्टा सातला पोचली, त्याच वेळी इत्सियारच्या आईचा फोन आला. "तू बोलू नकोस. मी सांगते काय सांगायचं ते," असम्प्टा म्हणाली. डर्व्हलाने तरीही फोन मागून घेतला.

पलीकडची बाई एकेक शब्द जुळवत बोलत होती. "पोलीस म्हणतात, तू तिला आणायला जाणार होतीस. गेली होतीस ना, बाळ?"

"नाही."

"पण येते म्हणालीस."

"म्हणाले. पण माझ्या मनात जायचं नव्हतं. आमच्याकडे तसं म्हणतात."

मग तिकडे एका पुरुषाने काहीतरी विचारलं. ती बाई त्याला उत्तर देऊ लागली आणि मध्येच थांबली. त्यांच्या भाषेत तिला ते सांगता येईना.

लाटांमुळे बचाव बोट कड्याला लागू शकली नाही. हेलिकॉप्टरने तीन फेऱ्या मारल्या. घरट्यांखालचा कडा पाण्यात होता, बुरुजाच्या माथ्यावर कोणी नव्हतं. साडेसहापासून पाणी उतरत होतं. उजेड अजून होता. बचाव पथकातले दोघे कमरेएवढ्या पाण्यातून दोर धरून पलीकडे गेले आणि सव्वाआठला त्यांनी वायरलेसवर कळवलं, की बुरुजाच्या समुद्राकडच्या खिडकीच्या गजाला एक हिरवा स्वेटर आतून बाह्यांनी बांधलेला आहे. खिडकी भरतीच्या खुणेच्या बरीच वर आहे.

"तिचाच," डर्व्हला म्हणाली.

सार्जंटनी वायरलेसवर विचारलं, "ओला आहे की कोरडा?"

"कोरडा," उत्तर आलं. "हाका मारतोय. अजून ओ आलेली नाही."