काठच्या सात ओळी

एतेल्विनानं तळ्याकाठच्या कांद्याच्या सात ओळी उपटून तिथे लव्हाळा लावला, आणि गावानं तिच्याशी बोलणं टाकलं.

तोता नावाच्या या तळ्याभोवती अगदी पाण्याला भिडेपर्यंत पातीचा कांदा लावायचा आणि त्याला कोंबडीखत भरपूर द्यायचं, ही जुनी रीत. पण आताशा पाऊस वेळकाळ पाळत नव्हता. कोसळला की खत धुऊन थेट तळ्यात जायचं, पाण्यावर हिरवी साय धरायची. पाणी तपासणाऱ्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, काठ मोकळा सोडा, खत झाकून ठेवा. ऐकलं एकट्या एतेल्विनानं. पुढे उघड्या खताबद्दल कचेरीतून सगळ्यांना नोटिसा आल्या, तेव्हा लोक धरूनच चालले की चुगली हिचीच.

नवरा रामिरो जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी दूर बोगोता शहरात. एतेल्विना दिवसभर रेडिओ चालू ठेवायची, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

जानेवारीत, ऐन कोरड्या दिवसांत, भर दुपारी आभाळ फाटलं. शेजारच्या कुस्तोदिओच्या रानात खताचा ताजा ढीग उघडाच होता, आणि तो गेला होता बाजाराला. एतेल्विनानं सरपणावरची ताडपत्री ओढून काढली आणि धावली. कडेला दगड ठेवत होती, तोच तो आला; अंगावरचा लोकरी रुआना निथळत होता.

"माझ्या रानात काय करताय, वहिनी?"

"ढीग वाहून चाललाय तुमचा. ते टोक धरा."

"फोटो काढून कचेरीत द्यायचा असेल."

"फोटोचा फोन कुठाय माझ्याकडं? धरा म्हणते ना, उडतंय ते."

त्यानं धरलं. अर्धा ढीग वाचला.

"मी माझ्या ओळी उपटल्या, भाऊ," ती म्हणाली. "कुणापाशी तोंड उघडलं नाही."

"रामिरो असता तर उपटू दिल्या नसत्या."

"तो असता तर चौदा उपटल्या असत्या. हट्टी होता माझ्याहून."

कुस्तोदिओ हसेल असं तिला वाटलं. त्यानं टोपी खाली ओढली.

"घरी चला. गरम काहीतरी घ्या," ती म्हणाली.

"नको. कुणी बघेल."

मार्चमध्ये त्यानं कांदा काढला आणि काठच्या तीन ओळी पुन्हा लावल्याच नाहीत. बोलला मात्र कुणाशी नाही, तिच्याशीही नाही. चर्चमध्ये अजून पलीकडच्या बाकावरच बसायचा.

ती मोकळी जमीन बांधावरून बघून तिनं मुलीला फोन लावला.

"आई, कामात आहे गं. रविवारी बोलू?"

"बोलू," एतेल्विना म्हणाली. त्या दिवशी मंगळवार होता.