न उघडलेल्या अ‍ॅपची परीक्षा

भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाकडच्या एका लहान शाळेतल्या टॅबवर, पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं अ‍ॅप होतं. चौथीतल्या तृप्तीला ते एकदा चालवून पाहायचं होतं. प्रविण सर दोन वर्षं म्हणत होते, "आधी माझं प्रशिक्षण होऊ दे." तोवर त्यांनी अ‍ॅप चालवण्याच्या पायऱ्या पाठ करून घेतल्या, लेखी परीक्षाही घेतली. तृप्तीला वीसपैकी वीस मिळाले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती एक अनोळखी पान घेऊन आली.

"सर, आज तरी करू द्या ना. पाचवीले मी भंडाऱ्याच्या शाळेत चालली."

"तुले तर सारंच पाठ आहे! आता चालवून काय करशीन?"

"सर, तुम्हाले येत नाही काय? मी शिकवू?" तिनं हळूच विचारलं.

सर खूश झाले. "शिकव ना बाई! सोमवारपासून बसू."

सोमवारी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती.