तळाशी छापलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालवायचे छपाईयंत्र आहे आणि माझ्याकडे आता एकही अक्षर उरलेले नाही. तरी जमेल तसे सांगते. ऐकणारे कोणी भेटून फार दिवस झाले.

एका ओतशाळेत बिडाचा रस साच्यात ओतला आणि माझा जन्म झाला. पुढे मी एका अरुंद गल्लीतल्या छापखान्यात आले. मालकांना सगळे खिळेमास्तर म्हणत, कारण खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्यात त्यांचा हातखंडा होता. भिंतीशी खिळ्यांच्या कप्प्यांची उंच सागवानी मांडणी होती. ती माझी एकुलती एक सोबतीण. मास्तर तिच्यातून अक्षरे वेचत आणि मी ती कागदावर उठवत असे. "हिच्यासारखा दाब नव्या मशीनला जन्मात जमायचा नाही," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी मनातल्या मनात फुगून जात असे.

गल्लीतल्या साऱ्या पावत्या मीच छापल्या. एकदा एका मालवाहतूकवाल्याने पावतीच्या तळाशी एक ओळ घालून घेतली: 'पूर, वादळ, आग, संप वा आमच्या आवाक्याबाहेरच्या अन्य कारणाने काम पार न पडल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.' मास्तरांना ती भारीच आवडली. छपाई झाल्यावर त्यांनी ती मोडून खिळे कप्प्यांत परत टाकले नाहीत, तशीच दोऱ्याने बांधून ठेवली. मग ज्याच्या पावतीवर जागा उरे, तिथे ती फुकटात बसू लागली. वखारवाल्याकडे गेली, शेजारच्या सुताराकडे गेली. धंदेवाल्यांनी वाचली नाही, गिऱ्हाइकांनी तर नाहीच. अक्षरे मुंगीएवढी होती.

मग एका वादळात नदीवरचा पूल वाहून गेला. तेव्हा सुताराकडे एका शिक्षिकेचा पलंग करायचा होता. तिच्या आईचे कमरेचे हाड मोडले होते, म्हणून उंच, कठड्याचा पलंग हवा होता. तिने दिलेली आगाऊ रक्कम सुताराने लाकडासाठी वखारीत भरली होती. पण पूल गेल्याने लाकूड येईना, आणि वखारवाल्याने पावतीवर बोट ठेवून हात वर केले. सुताराने बाईंपुढे तेच केले. तो मास्तरांकडे चहाला बसला असताना बाईंनी त्याला आमच्या दारातच गाठले.

"आईला जमिनीवरून उठवताना ती ओरडते हो. मी एकटी कशी उचलू?"

"लाकूडच आलं नाही, तर मी तरी काय करू, बाई? पावतीच्या तळाशी वाचा ना."

बाईंनी पावती डोळ्यांजवळ धरली. "हे तुम्ही लिहिलंय?"

"मी कशाला लिहितोय? मास्तरांनी छापलंय."

मास्तरांनी मान खाली घातली. पूल खरोखरच गेला होता. खोटे कोणीच बोलत नव्हते, आणि आई जमिनीवरच होती. बाई वळल्या, तेव्हा मास्तर उठले.

"थांबा बाई. आता आईंचं कसं करणार?"

बाईंना रडू फुटले. इतक्या दिवसांत तेवढे कोणी विचारलेच नव्हते.

मास्तर मांडणीकडे पाहत राहिले. "पूल काही आपल्या हातात नाही," ते सुताराला म्हणाले. "ही आहे. काढ फळ्या."

"वेड लागलंय का, मास्तर? खिळे कुठे ठेवाल?"

"पोत्यात."

मला कोणी विचारले का? छे! माझ्या डोळ्यांदेखत मांडणी सुटी झाली आणि सगळी अक्षरे पोत्यांत मिसळून गेली. सुताराने त्या फळ्यांचा पलंग केला, मजुरी घेतली नाही. "आजींना झोप लागली," असे सांगत तो धावत आला, तेव्हा मास्तर लहान मुलासारखे हसले.

पुढे मास्तर खिळे निवडायला बसले, पण नजर अधू झाली होती. पोती अखेर भंगारात गेली. मास्तर मला रोज तेल देत, मला चालवायच्या पायपट्टीवर पाय मात्र ठेवत नसत. मग तेही गेले. आता दाराला कुलूप आहे आणि माझ्या चाकाला गंज. कधी कधी मला मास्तरांचा राग येतो. इतकी शांतता सोसवत नाही.

मित्रांनो, संकट आले की 'आम्ही जबाबदार नाही' असे म्हणावे लागते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण तेवढे म्हणून पाठ फिरवू नका. समोरच्याला विचारा, "आता तुमचं कसं होणार?" मास्तरांनी एकदाच विचारले. त्याची किंमत मी अजून एकटीने मोजते आहे. तरीही सांगते, विचारा.