उशाशी ठेवलेलं पोलाद

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात. विळा, अडकित्ता, काहीही चालतं. डोळ्यांना न दिसणारं काही बाळाला लागू नये म्हणून. मी नेरळच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टी ऐकल्या की माझं नाक आपोआप मुरडतं. पण बाळंतपणाला माहेरी आलेल्या बाईचं विज्ञान तिच्या आईच्या घरात चालत नाही. माझी आई, बायजा, विळा घेऊन खोलीत आली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "धारेचं काही नको गं."

तोडगा काढला माझ्या धाकट्या भावाने. धनेश खालापूरजवळच्या एका पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर आहे. तिथे भंगार वितळवून स्टेनलेस स्टील करतात. प्रत्येक वेळी भट्टी उतरली की त्यातला पळीभर रस छोट्या साच्यात ओतून एक चकती काढतात, तिच्यात कुठला धातू किती ते तपासतात आणि सॅम्पल म्हणून कपाटात ठेवून देतात. पुन्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. त्यातली सगळ्यात चकचकीत, पेढ्याएवढी एक चकती धनेश खिशात घालून घेऊन आला.

"मामाच्या हातचं पोलाद हाय," तो म्हणाला. "आता भाचीला काय लागतंय बघू."

आई खूश झाली. तिने चकतीला हळदकुंकू लावलं, फडक्यात गुंडाळली आणि बाळाच्या उशीखाली सरकवली. माझी मुलगी आठ-दहा दिवसांची होती तेव्हा.

पुढे तीन आठवड्यांनी कारखान्यात परदेशी माणसं आली. का आली ते धनेशने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि ऐकताना माझा आ वासलेलाच राहिला. उत्तरेकडे एक थंड देश आहे. तिथल्या बंदराच्या फाटकावर किरणोत्सार ओळखणारे खांब उभे केलेले असतात, त्यांच्यामधून प्रत्येक ट्रक जातो. एका ट्रकवर ते खांब बोंबलायला लागले. ट्रकमध्ये काय, तर दाराच्या मुठी. घरोघरी असतात तसल्या स्टीलच्या मुठी. त्या स्टीलमध्ये किरणोत्सारी कोबाल्ट मिसळलेलं होतं. तिथल्या लोकांनी खोक्यावरचा नंबर पकडला आणि तिथून उलटे चालत आले. दुकानदाराकडून जहाजाकडे, जहाजाकडून न्हावाशेव्याला, न्हावाशेव्याहून मुठी घडवणाऱ्याकडे आणि त्याच्याकडून आमच्या खालापूरला, चार महिन्यांपूर्वी एका दिवशी उतरलेल्या एका भट्टीपाशी.

मी वर्गात अणू शिकवते. फळ्यावर गोल काढते, आत ठिपका देते आणि मुलं जांभया देतात. आणि इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्या ठिपक्याचं शेपूट धरलं होतं आणि ते न सोडता आमच्या भाताच्या खाचरांपर्यंत येऊन पोचलं होतं. मला धनेशचा हेवा वाटला. अशी माणसं जवळून बघायला मिळतात म्हणजे काय!

भट्टीवरच्या सगळ्यांना आधी तपासलं. धनेशही त्यात होता. कुणाला काही झालेलं नव्हतं, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो. मग कारखान्याच्या कँटीनमध्ये दोन देशांची बैठक बसली. त्यांच्या बाजूने तोर्विक नावाचा उंच, शांत अधिकारी. आपल्या बाजूने सरकारच्या अणुखात्याच्या, मुंबईहून आलेल्या नम्रता मॅडम. दोघांच्याही पाठीशी आपापलं परराष्ट्र खातं, फोन सारखे चालू. भट्टीवरचा माणूस म्हणून प्रश्नांना उत्तरं द्यायला धनेशला तिथेच बसवून ठेवलेलं.

भांडण असं होतं. तोर्विक म्हणायचा, विष तुमच्या भट्टीतून आलं, तेव्हा सगळा माल परत घ्या आणि तसं लिहून द्या. नम्रता मॅडम म्हणायच्या, भंगार तरी आमचं कुठे आहे? तेही जहाजानेच आलंय. कुठल्यातरी देशातल्या दवाखान्याने कर्करोगावरचं जुनं यंत्र आतलं कोबाल्ट न काढता मोडीत घातलं असणार. ज्याने ते हरवलं त्याला आधी शोधा.

"एका शब्दावर सकाळधरनं जेवनापत्तूर भांडतात, ताई," धनेश सांगायचा. "तो म्हनतो 'उगम' लिवा, म्हंजी इथंच जन्मलं. ह्या म्हनतात 'आढळ' लिवा, म्हंजी इथं नुस्तं सापडलं. आपल्या भावकीचं बांधाचं भांडान बरं."

त्याला गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती. कोबाल्टचा काही बॉम्ब होत नाही, तेवढं मला कळतं. पण असं हरवलेलं कोबाल्ट वाईट माणसाच्या हाती लागलं तर भर बाजारात तो काय करील याचा नेम नाही. आणि ज्या देशाला दवाखान्यातलं कोबाल्ट सांभाळता येत नाही, त्याने बॉम्बचं सामान नीट कुलपात ठेवलंय यावर दुसऱ्याने का विश्वास ठेवावा? त्या कँटीनमध्ये, वडापावच्या वासात, ती दोघं खरं तर तेवढ्यासाठी घसा कोरडा करत होती. मला ते फार मोठं वाटलं.

बैठकीच्या चौथ्या दिवशी धनेश दुपारीच घरी आला. डबा तसाच हातात.

"ताई, बाळ कुठं हाय?"

"झोपलंय. का रं?"

"तिला उचल आधी."

त्याचा चेहरा बघून मी खोलीत धावले. बाळाला उचललं आणि घर ओलांडून पुढच्या ओटीवर नेऊन आईच्या मांडीवर दिलं. मग त्याने सांगितलं. त्या दिवसाच्या भट्टीची चकती मागितली होती. तीच एक गोष्ट अशी की जिच्यावरून कोबाल्ट किती जुनं, आणि कदाचित कुठलं, हे दोन्ही बाजूंना पटेल. कपाट उघडलं तर त्या भट्टीच्या नंबरची जागा रिकामी.

"सगळ्यात चकचकीत बघून उचलली मी," धनेश म्हणाला. "नंबर कुठं बघितला."

तीन आठवडे. माझ्या मुलीची टाळू अजून भरलेली नाही, हाताला लागते, आणि त्या टाळूपासून वीतभर अंतरावर ती चकती. बाळाला काही लागू नये म्हणून आम्हीच हळदकुंकू वाहून ठेवलेली.

"मी ती पाताळगंगेत टाकून येतो," धनेश म्हणाला. "आत्ताच. आपल्या तिघांबिगर कोनाला म्हाईत नाय."

"आणि मग?"

"मग काय? गेली म्हनायचं. नंबर सापडत नाय म्हनायचं."

"आणि माझ्या पोरीला किती लागलं ते मला कोण सांगणार?" माझा आवाज चढला. "नदी सांगणार? तू सांगणार? ती तापली की मी म्हणायचं, हे त्याचंच. तिचा केस गळला की म्हणायचं, हे त्याचंच. जन्मभर मी अशीच तिच्याकडे टक लावून बसू?"

"नोकरी जाईल गं माझी. पोलीस येतील."

"जाईल," मी म्हटलं. 'जाऊ दे' असं मी म्हटलं नाही. भट्टीवरच्या त्या नोकरीवर माझ्या माहेरची चूल पेटते. पण 'नाही जाणार' असं खोटंही माझ्या तोंडून निघेना.

तो उंबऱ्यावर बसून राहिला. सगळं ऐकून आई बाळाला थोपटत होती. शेवटी धनेश उठला, तोंडावर पाणी मारलं आणि मोटारसायकल काढून कारखान्याकडे गेला. चकती उशीखालीच होती, तरी तो नदीच्या रस्त्याने नाही ना गेला, हे मी वळणापर्यंत जाऊन बघून आले.

ऊन कलायच्या आत दोन गाड्या दारात उभ्या राहिल्या. नम्रता मॅडम उतरल्या, तोर्विक उतरला, मागून धनेश. आई दारात आडवी.

"सव्वा म्हयना झाला नाय. परक्याला आत सोडत नाय आमी."

"पाय धुऊन येतो, आई," नम्रता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तोर्विकला इंग्रजीत सांगितलं. त्याने मुकाट बूट काढले, मोजे काढले आणि आमच्या दारच्या दगडावर उभं राहून गोऱ्यापान पायांवर तांब्याने पाणी ओतून घेतलं. मग दोघांनी धुतलेल्या पायांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, हातमोजे घातले, तोंडं झाकली.

"ह्यांचंबी सोवळंच हाय की," आई माझ्या कानात म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

अंगणातच त्यांनी मोजयंत्रं चालू केली. टक. टकटक. टक. ओटीवर, तुळशीपाशी, जिकडे धराल तिकडे टकटक. "इथेही आलं का?" मी विचारलं.

"हे नेहमीचंच," नम्रता मॅडम म्हणाल्या. "दगडातून येतं, मातीतून येतं, आकाशातून येतं. तुमच्या-माझ्या अंगातूनही. इथे माणूस नव्हता तेव्हाही हे असंच चालू असणार."

हे मी पुस्तकातून शिकवलं आहे. परीक्षेत दोन गुणांना विचारलंही आहे. पण स्वतःच्या अंगणात उभं राहून ते कानांनी ऐकणं निराळं. ज्या भिंतीला टेकून मी लहानाची मोठी झाले ती बोलत होती. आईचा हात बोलत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि क्षणभर, माझी मुलगी पणाला लागलेली असताना, मी भीती विसरून नुसती ऐकत राहिले.

मग ती दोघं खोलीत गेली. एकत्र नाही, एकामागून एक. आधी नम्रता मॅडम त्यांचं यंत्र घेऊन, मग तोर्विक त्याचं घेऊन. एकाच्या यंत्रावर दुसऱ्याचा भरवसा नव्हता. प्रत्येकाने उशीजवळ यंत्र धरलं, कागदावर आकडा लिहिला आणि दुसऱ्याला दिसू नये म्हणून कागद दुमडला. मी दारात होते. उशीपाशी यंत्राची टकटक लाह्या फुटाव्यात तशी होत गेली. प्रत्येक लाहीगणिक माझा जीव खालीवर होत होता. मग तोर्विकने लांब चिमट्याने फडकं सोडवून ती चकती उचलली आणि शिशाच्या जाड डब्यात ठेवली. हळदीचा डाग अजून तसाच होता तिच्यावर.

ओटीवर येऊन दोघांनी कागद उलगडले. आकडा एकच. नम्रता मॅडमनी तो एकदा वाचला, तोर्विकने पुन्हा वाचला. बाळ रोज किती वेळ खोलीत असतं, चकती डोक्यापासून किती लांब, हे मला विचारून दोघांनी वेगवेगळा हिशेब मांडला. तोही जुळला.

लगेच डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीवरून त्यांचं भांडण सुरू झालं. 'उगम' की 'आढळ'. आमच्या ओटीवर, माझ्या आईच्या समोर, बाळ मांडीवर झोपलेलं असताना. तोर्विकचा चेहरा लाल झाला. नम्रता मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला राग यायला हवा होता. उलट मला एकदम उमगलं की या दोघांपैकी एकही दुसऱ्याला खूश करायला खोटं बोलणार नाही. एकाने आकडा लपवला तर दुसरा टपलेलाच आहे.

"माझं ऐका," मी म्हटलं. इंग्रजीतच म्हटलं, दोघांना एकदम कळावं म्हणून. "माझ्या मुलीला काही होणार नाही ना?"

नम्रता मॅडम म्हणाल्या, "छातीचे एक-दोन एक्सरे काढले असते तर जेवढं लागलं असतं, साधारण तेवढं लागलंय. फार थोडं. आम्ही तिला मोठी होईपर्यंत तपासत राहू."

"म्हणजे धोका शून्य?"

त्यांनी खोटं हसू आणलं नाही. "शून्य असं मला म्हणता येणार नाही."

मी तोर्विककडे वळले. तो माणूस चार दिवस नम्रता मॅडमचं एकही वाक्य मान्य करत नव्हता. "तुम्ही सांगा. शून्य?"

त्याने आईच्या मांडीवरल्या बाळाकडे पाहिलं. "शून्य नाही," तो म्हणाला. "पण खूप, खूप कमी. त्या बरोबर सांगतायत."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला 'शून्य' ऐकायचं होतं. सगळ्या जगात मला तो एकच शब्द हवा होता आणि दोघांपैकी कुणीही तो दिला नाही. तरी मला हलकं वाटलं. आजवर मला कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं, ना डॉक्टरने, ना नवऱ्याने, ना कुठल्या साहेबाने.

आईला इंग्रजी कळत नाही. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. धनेश खांबाला धरून उभा होता.

"काय म्हनतात गं ते?" आईने विचारलं.

काही झालं नाय, असं सांगता आलं असतं. तिला आणि धनेशला दोघांनाही ते हवं होतं. मी बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"थोडं लागलंय, आई. अगदी थोडं. पण लागलंय."

आईने त्या दोघांकडे बोट दाखवलं.

"दोघंबी तसंच म्हनतात?"

"दोघंबी."

"मग खरं असंल," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून माझ्या शेजारी सरकून बसली.