आधी उचला, मग मोजा

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुना पुठ्ठा आहे आणि माझ्या अंगाला शंभर भोकं आहेत. त्यातलं एकही उंदराने कुरतडलेलं नाही. सगळी गोल, सारखी आणि मापून पाडलेली आहेत. पुठ्ठ्याच्या जातीत असं देखणं अंग फार थोड्यांच्या नशिबी येतं, म्हणून हा थोडासा तोरा सहन करा.

जन्माने मी सदऱ्याच्या खोक्याचं झाकण. गणिताच्या एका सरांना वाढदिवसाला सदरा आला. त्यांनी सदरा कपाटात टाकला आणि मला जेवणाच्या टेबलावर घेतलं. पाच वर्गांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. शंभर प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल, आणि बरोबर उत्तराचा गोल मुलांनी पेन्सिलीने काळा करायचा. सरांनी युक्ती काढली. बरोबर गोल जिथे येतो नेमकं तिथे पुठ्ठ्याला भोक पाडायचं, पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसतील तेवढे काळे ठिपके मोजायचे. ठिपके तितके गुण!

भोकं पाडायला त्यांनी जोडे दुरुस्त करणाऱ्याकडून एक लोखंडी नळी मागून आणली. सर हातोडी मारत आणि मला घट्ट धरून बसल्या होत्या काकू. काकू म्हणजे सरांची बायको. त्याच शाळेच्या कचेरीत त्या टंकलेखन करायच्या. सगळी शाळा त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही म्हणतो.

"अहो, भोक पुठ्ठ्याला पाडायचंय, माझ्या अंगठ्याला नाही," त्या दुसऱ्याच घावाला ओरडल्या होत्या. अशा बोलण्यात आणि हसण्यात माझा जन्म झाला.

पुढे बरीच वर्षं मी मान खाली घालून काम केलं. एक गुपित सांगतो. सर दरवर्षी प्रश्न नवे काढत, पण बरोबर उत्तरांच्या जागा त्याच ठेवत. दरवर्षी नवा पुठ्ठा कोण ठोकत बसणार? मुलांना वाटे, या पुठ्ठ्याला सगळं गणित येतं. मला बेरीजसुद्धा येत नाही, मित्रांनो. मला फक्त भोकं आहेत.

एका वर्षी गंमत झाली. वर्गातल्या सगळ्यात आळशी मुलीच्या उत्तरपत्रिकेवर सरांनी मला ठेवलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "शंभरपैकी शंभर! अगं, ऐकलंस का? या पोरीने नाव काढलं!"

काकू चहाचा कप घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवला आणि मला नुसतं उचललं. खाली पाहतात तर काय, त्या पोरीने एकूण एक गोल काळे केले होते! बरोबर काय, चूक काय, सगळेच. मग माझ्या भोकांतून बरोबर उत्तरं दिसली नसती तरच नवल. सर आधी चिडले, मग पोट धरून हसले. हसणं आवरल्यावर त्यांनी लाल शाईने माझ्या वरच्या काठावर लिहिलं: आधी उचला, मग मोजा. हे वाक्य काकूंचं, अक्षर सरांचं आणि कपाळ माझं.

मग शाळेत उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र आलं आणि माझे दिवस फिरले. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ते खोटं नाही. सरांच्या मुलीने लहानपणी माझ्या भोकांतून भिंतीवर रंगाचे ठिपके काढले, त्यासाठी मार खाल्ला आणि यथावकाश लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. काकूंनी मला दुधाच्या पातेल्यावर झाकण केलं. "भोकं आहेत ते बरंच, वाफ कोंडत नाही," त्या म्हणायच्या. हे कौतुक की अपमान, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सर निवृत्त झाले आणि त्यांचा वेळ जाईना. एकदा ते एका सभागृहात व्याख्यान ऐकून आले, ते पेटूनच आले. मोठ्या पडद्यावर व्याख्यात्यांनी पवित्र ग्रंथाचं पान दाखवलं होतं आणि मधली मधली अक्षरं वेचून त्यातून लढाया, भूकंप, पूर, सगळं काढून दाखवलं होतं. या ग्रंथात म्हणे एक गुप्त लिपी दडलेली आहे. व्याख्यात्यांनी काढलेलं सगळं घडून गेलेलं होतं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. उद्या बस वेळेवर येईल का, एवढं जरी कोणी विचारलं असतं!

घरात तो ग्रंथ होता. मोठ्या टाइपातला, काकूंच्या आईचा. काकू रोज सकाळी त्यातलं एक पान वाचत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग कामाला लागत. सरांनी तो टेबलावर उघडला, इकडेतिकडे पाहिलं आणि दुधाच्या पातेल्यावरून मला उचललं. पुसलं. पानावर ठेवलं. माझं माप त्या पानाला बेतून शिवल्यासारखं बसलं.

"बघ! हा काय योगायोग आहे?" सर म्हणाले.

"सदऱ्याचं खोकं आहे ते," काकू म्हणाल्या. "अजून दुधाचा वास येतोय त्याला."

पण सरांना आता थांबवणं कठीण होतं. माझ्या भोकांतून शंभर अक्षरं दिसत. त्यातली जुळतील ती सर कागदावर उतरवत आणि बाकीची सोडून देत. काहीच जुळलं नाही तर मला एक ओळ खाली सरकवत. तरी नाही जुळलं तर उलटं करत. मग कुठेतरी 'पूर' निघे, कुठे शेजाऱ्याच्या मुलाची 'नोकरी' निघे. शेजारी येऊन हात जोडू लागले. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं मनी वसे ते भोकातून दिसे, असा प्रकार चालला होता. मला धरताना सरांचा अंगठा नेहमी माझ्या वरच्या काठावर असे, नेमका त्या लाल अक्षरांवर.

इथवर ठीक होतं, मित्रांनो. रिकामपणचा उद्योग, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग काकूंना धाप लागायला लागली. घर दुसऱ्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन येताना त्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसून राहू लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयातली एक झडप खराब झाली आहे, शस्त्रक्रिया करून बदलावी लागेल, आणि हे या महिन्यातच व्हायला हवं. तारीखही दिली.

सर घाबरले. त्यांचे थोरले भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी असेच शस्त्रक्रियेच्या खोलीत चालत गेले होते आणि परत आले नव्हते. हे ते कोणाला बोलले नाहीत. ग्रंथ उघडून त्यांनी मला पानावर ठेवलं. काही निघालं नाही. त्यांनी मला सरकवलं, पुन्हा सरकवलं, उलटं केलं. त्यांच्या बोटांना घाम आला होता आणि मी ओला होत होतो. शेवटी माझ्या वरच्या एका भोकात 'थां' दिसलं आणि बरंच खाली, कोपऱ्यातल्या भोकात 'ब'. मधल्या सगळ्या अक्षरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"ग्रंथ थांब म्हणतोय," ते काकूंना म्हणाले. "आपण ही तारीख पुढे ढकलू."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

मुलीचा फोन आला. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की मला टेबलावर ऐकू येत होतं. "बाबा, थांब कोणाला म्हटलंय? आजाराला म्हटलं असेल तर? तो थांबलाय का, ते बघा आधी!" सरांनी फोन ठेवला.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सर, मी आळशी मुलीला पैकीच्या पैकी देणारा पुठ्ठा आहे हो! माझ्या भरवशावर काकूंचा जीव टांगू नका! पण मला फक्त भोकं आहेत. डॉक्टरांची तारीख गेली. काकू आता टप्प्यावर बसल्या की उठताना कठड्याला धरत, आणि सर पिशवी हातात घेऊन शेजारी उभे राहत.

एके दिवशी सर औषधं आणायला गेले होते. काकूंनी टेबलाचा खण उपसला. खणाच्या तळाला अंथरलेली एक कोरी उत्तरपत्रिका काढली, पेन्सिल घेतली आणि खुर्चीत बसून त्या गोल भरू लागल्या. चार गोल भरले की थांबत, श्वास घेत, पुन्हा भरत. सर परत आले तेव्हा त्यांनी मला त्या कागदावर नीट बसवून ठेवलं होतं.

"तपासा," काकू म्हणाल्या.

"हे काय आता? कोणाचा पेपर?"

"आहे एक विद्यार्थी. तपासा तर."

सर बसले. शिक्षकाची सवय ती, बोट एकेका भोकावरून फिरू लागलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "पैकीच्या पैकी!" ते म्हणाले आणि त्याच सवयीने त्यांनी मला उचललं.

खाली सगळा कागद काळा होता.

सर हसले. "अगं, ही तर त्या पोरीची लबाडी! सगळंच काळं केलं तर काय, हवं ते उत्तर..." आणि त्यांची नजर ग्रंथाकडे गेली.

काकूंनी ग्रंथ पुढे ओढला, 'थांब'चं पान उघडलं. "या पानावर कोरी जागा दाखवा मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळीच अक्षरं आहेत इथे. मी 'जा' शोधलं असतं तर तेही मिळालं असतं. आणि या पानावर काय लिहिलंय, ठाऊक आहे? दमून आलेल्या वाटसरूला बसायला जागा द्यावी, पाणी द्यावं. मी लहानपणापासून वाचतेय. एवढं सरळ लिहिलेलं टाकून मधली अक्षरं काय वेचता? काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

सरांनी ते पान वाचलं. पहिल्या ओळीपासून, मला बाजूला ठेवून. मग उठले, पेला भरून आणला आणि काकूंच्या हातात दिला.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "दादा हसत हसत आत गेला होता."

"मलाही वाटते," काकू म्हणाल्या. "पण भीती आपली आहे ना? मग तिच्यावर ग्रंथाची सही कशाला घेता?"

सरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मग रागाने मला दुमडायला निघाले, तेव्हा काकूंनीच मला त्यांच्या हातातून सोडवलं. "त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो तर कपाळावर लिहून बसलाय."

पुढचे कितीतरी दिवस घराला कुलूप होतं. मी रिकाम्या पातेल्यावर पडून राहिलो. काकूंचं काय झालं, मला कोण सांगणार? इतकी वाट मी निकालाच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. दुधाच्या वाफेने माझे कोपरे मऊ पडलेत, आज ना उद्या मी जाणारच. एवढंच मागतो, की जिवाला घोर लागला आणि कोणी भोकातून काही दाखवू लागलं, तर आधी पुठ्ठा उचला. खालचं सबंध पान वाचा. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा.

आता आवरतं घेतो, कारण माहेरी आलेल्या मुलीने ठेवलेलं दूध तापत आलंय आणि स्वयंपाकघराचं दार उघडं आहे. जिन्यावर पावलं वाजताहेत. पुढची सरांची, पिशवी घेतलेली, जड. मागची हलकी. मी रोज कान देऊन ऐकतो. मधला टप्पा आला... आणि पावलं वर येताहेत, दोन्ही.